हाकेला ओ : दूरच्या संगणकाच्या खुशालीचा इतिहास

देवळाली म्हटलं की बहुतेकांना नाशिकजवळची, लष्करी छावणीची देवळाली आठवते. आमची देवळाली राहुरी तालुक्यातली. उसाची, पाटपाण्याची आणि नगरपरिषदेची. नावापुढे ‘प्रवरा’ लावलं की टपालवाल्याची, पार्सलवाल्याची आणि नव्या जावयाची गल्लत टळते. संगणकांच्या जाळ्यात ही अडचण आकड्यांनी सोडवलेली आहे. तिथे प्रत्येक यंत्राला आकड्यांचा पत्ता असतो, आणि उघड्या इंटरनेटवर एकाच वेळी दोन यंत्रांचा पत्ता सहसा एक नसतो. पण पत्ता नेमका असला म्हणजे त्या पत्त्यावर कुणी राहतं आहे असं नाही. राहत असलं तरी या क्षणी घरात आहे असं नाही. आणि घरात असलं तरी तिथवर जाणारा रस्ता चालू आहे असंही नाही. हे तीन प्रश्न एका दमात विचारणारी एक छोटी आज्ञा आहे. संगणकाच्या काळ्या खिडकीत ‘पिंग’ हा शब्द लिहायचा, पुढे एक जागा सोडून पत्ता लिहायचा आणि एंटर दाबायचं. पलीकडून उत्तर आलं तर किती वेळात आलं ते ओळीने छापलं जातं. आलं नाही तर ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ अशी कोरडी नोंद होते.

गेली वीसेक वर्षं मी गावात संगणकाचा वर्ग चालवतो. अलीकडे त्याच खोलीत दाखले, उतारे आणि विम्याचे अर्ज भरण्याचंही काम चालतं. या चार रोमन अक्षरांशी माझा रोजचा संबंध आहे, आणि म्हणून त्यांचा मागोवा घ्यावासा वाटला. तो घेताना एक गोष्ट लक्षात आली. आज्ञा १९८३ सालची असली तरी ‘पलीकडे कुणी आहे का’ हे तारेवरून विचारण्याची रीत आमच्या भागाला त्याच्या शंभर वर्षं आधीपासून ठाऊक होती. ती आमच्याकडे आगगाडीबरोबर आली.

दौंड-मनमाड हा लोहमार्ग १८७८ साली वाहतुकीला खुला झाला. नगर, वांबोरी, राहुरी, पढेगाव, बेलापूर, पुणतांबा, कोपरगाव अशी त्याची स्टेशनं. बेलापूर स्टेशनाभोवती पुढे श्रीरामपूर वाढलं आणि परक्या माणसाला आजही तिथे उतरल्यावर बेलापूर कुठे आहे ते विचारावं लागतं. हा मार्ग शतकाहून अधिक काळ एकेरी होता. एकेरी मार्गावर दोन्हीकडून गाड्या येणार, तेव्हा पुढचा टप्पा मोकळा आहे की नाही हे विचारल्याशिवाय गाडी सोडणं म्हणजे माणसं मारणं. म्हणून दोन शेजारच्या स्टेशनांमध्ये ब्लॉक यंत्रं आली. यंत्राला घंटा असते. इकडच्या मास्तराने कळ दाबली की तिकडे ठोका पडतो.

रेल्वेच्या सर्वसाधारण नियमांत या ठोक्यांची भाषा ठरवलेली आहे. एक ठोका म्हणजे ‘लक्ष द्या’. दोन म्हणजे ‘लाइन क्लिअर आहे का’. तीन म्हणजे गाडी टप्प्यात शिरली आणि चार म्हणजे टप्प्यातून बाहेर पडली. सहा ठोके धोक्याचे. या भाषेचा जीव मात्र आकड्यांत नाही, पोच देण्याच्या नियमात आहे. पलीकडच्या मास्तराने जितके ठोके ऐकले तितकेच परत वाजवायचे. एक आला तर एक, चार आले तर चार. नुसतं ‘ऐकलं’ म्हणून भागत नाही. जे ऐकलं तेच परत पाठवायचं, म्हणजे पाठवणाऱ्याला दोन्ही जुळवून पाहता येतं. आणि याच तक्त्यात एक संकेत असा आहे की ज्याला कुठल्याही गाडीशी कर्तव्य नाही. सोळा ठोके. अर्थ एवढाच : यंत्र तपासतो आहे. पलीकडून सोळा ठोके परत आले की तार ठीक, यंत्र ठीक आणि पलीकडचा माणूस जागा आहे.

मला या सोळा ठोक्यांचं फार अप्रूप वाटतं. निरोप काहीच नाही. फक्त निरोप जाऊ शकतो का, एवढंच विचारायचं. माणसं हे नेहमीच करत आली आहेत. मळ्यातून बांधावरच्या माणसाला आधी हाळी घालतात, तो ‘ओ’ म्हणाला की मग काम सांगतात. ट्रंक कॉलच्या काळात निम्मं बोलणं ‘हॅलो, ऐकू येतंय का’ यातच संपायचं आणि पैसे मात्र सगळ्या मिनिटांचे द्यावे लागायचे. पण हाळी घालणं ही सवय झाली; तिचा नियम करून तक्त्यात बसवणं, आणि ओ कशी द्यायची तेही ठरवून देणं, हे काम तारेच्या युगाचं.

तारायंत्राचा इथे थोडक्यात उल्लेख करून पुढे जातो. डॉ. विल्यम ओशॉनेसी या कलकत्त्याच्या डॉक्टरने हिंदुस्थानात तारेचे पहिले प्रयोग केले आणि १८५४च्या सुमारास कलकत्ता, आग्रा आणि मुंबई तारेने जोडली गेली. तारेच्या खात्याने एक विद्या अशी विकसित केली की जिचं आजच्या जाळ्याशी थेट नातं आहे. तार तुटली किंवा जमिनीला टेकली तर तिचा विद्युतरोध मोजून ती किती मैलांवर बिघडली आहे हे ऑफिसात बसून काढता यायचं. लाइनमन नेमका त्या खांबापाशी जायचा. ‘पलीकडे कुणी आहे का’ याच्या पुढचा प्रश्न, ‘नसेल तर अडलं कुठे’, तेव्हाच विचारला गेला होता. भारतातली तारसेवा जुलै २०१३मध्ये बंद झाली. हे दोन्ही प्रश्न मात्र तिच्याआधीच दुसऱ्या घरी राहायला गेले होते.

ते घर म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण खात्याचं आर्पानेट. १ जानेवारी १९८३ रोजी या जाळ्याने आपली जुनी भाषा टाकून टीसीपी/आयपी ही नवी भाषा स्वीकारली. आजचं इंटरनेट हीच भाषा बोलतं. तिची तऱ्हा तारेहून किंवा टेलिफोनहून निराळी आहे. टेलिफोनमध्ये बोलणं चालू असेपर्यंत दोघांमधली वाट राखून ठेवलेली असते. इथे तसं काही नाही. मजकुराचे तुकडे करायचे, प्रत्येकावर पत्ता लिहायचा आणि रस्त्यावर सोडून द्यायचे. वाटेतला प्रत्येक राउटर पत्ता पाहून तुकडा पुढे ढकलतो. पाकीट हरवलं तर वाटेवरचं कुणी त्याची हमी घेत नाही. पोस्टाच्या भाषेत सांगायचं तर सगळा कारभार साध्या टपालाचा. रजिस्टर आणि पोचपावती ज्याची त्याने आपल्या टोकाला पाहायची.

अशा व्यवस्थेत बिघाड कुठे झाला हे कळण्यासाठी काही तरी सोय हवीच. ती आयसीएमपी नावाच्या नियमावलीत झाली. ती सप्टेंबर १९८१मध्ये जॉन पोस्टेल यांनी लिहून काढली आणि तिचा क्रमांक ७९२. तिच्यात बिघाड कळवणारे निरनिराळे संदेश आहेत, आणि त्यांत एक जोडी अशी : आठ क्रमांकाचा संदेश म्हणजे ‘इको’ची मागणी आणि शून्य क्रमांकाचा म्हणजे तिचं उत्तर. ज्याला मागणी मिळेल त्याने आलेला मजकूर जसाच्या तसा परत पाठवायचा. आमच्या लोहमार्गावरचे सोळा ठोके आणि हा आठ-शून्याचा व्यवहार यांत मला तत्त्वाचा काही फरक दिसत नाही. पुढे १९८९च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या ११२२ क्रमांकाच्या दस्तऐवजाने तर ते बंधनच केलं. इंटरनेटवर यायचं असेल तर प्रत्येक यंत्राला या हाकेला ओ देता आलीच पाहिजे.

नियम कागदावर १९८१ सालीच होता. पण तो कुणाही माणसाला हाताशी धरून वापरता येईल असं अवजार झालं ते दोन वर्षांनी, आणि त्याचं श्रेय माइक म्यूस या पंचविशीतल्या प्रोग्रॅमरचं. ते मेरिलँडमधल्या एका लष्करी प्रयोगशाळेत काम करत. बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरी हे तिचं नाव आणि तोफगोळ्यांचं शास्त्र हा तिचा मूळ विषय. जुलै १९८३मध्ये नॉर्वेत एक बैठक झाली होती. तिथे डेव्हिड मिल्स यांनी इकोच्या संदेशांना लागणारा वेळ मोजून वाटेची परीक्षा करण्याबद्दल काही सांगितलं, ते म्यूस यांच्या डोक्यात राहिलं. जगभरच्या संगणकांची घड्याळं एकमेकांशी जुळवून ठेवणारी पद्धत ज्यांनी घडवली तेच हे मिल्स. डिसेंबरात प्रयोगशाळेच्या जाळ्यात काही तरी विचित्र घडायला लागलं, तेव्हा म्यूस यांनी एका संध्याकाळी बसून तो प्रोग्रॅम लिहिला. सुमारे हजार ओळी. त्यासाठी युनिक्सच्या गाभ्यातही त्यांना थोडी भर घालावी लागली. गंमत अशी की प्रोग्रॅम तयार होईपर्यंत मूळ बिघाड दुरुस्त होऊन गेला होता.

नाव त्यांनी सोनारवरून घेतलं. पाणबुडी शोधताना पाण्यात सोडलेल्या ध्वनीचा जो ‘पिंग्’ असा आवाज होतो, तो. कॉलेजात सोनार-रडारच्या प्रतिमानांवर त्यांनी बरंच काम केलं होतं, त्यामुळे हे नाव त्यांना आपसूक सुचलं. नंतर मिल्स यांनी या चार अक्षरांची फोड करून त्यांतून एक लांबलचक इंग्रजी नाव काढलं. पण ती मागाहूनची करामत. म्यूस यांनी स्वतःच ते आद्याक्षरांचं नाव नाही असं नोंदवून ठेवलं आहे. बर्कलीच्या युनिक्समंडळींनी हा प्रोग्रॅम आपल्या वितरणात घेतला. फुकट होता म्हणून जिकडे तिकडे गेला आणि पुढे विंडोजमध्येही आला. आपल्या आयुष्यातली सर्वांत प्रसिद्ध गोष्ट हीच ठरणार हे माहीत असतं तर आणखी एकदोन दिवस घालवून तिच्यात थोड्या सोयी वाढवल्या असत्या, अशा अर्थाचं त्यांनी लिहून ठेवलं आहे. २० नोव्हेंबर २००० रोजी महामार्गावरच्या एका अपघातात ते गेले.

सोनारच्या उपमेवर मात्र माझा एक आक्षेप आहे. सोनारमध्ये पाणबुडी उत्तर देत नाही. तिची इच्छा असो-नसो, ध्वनी तिच्या पत्र्यावर आपटून परततो. डोंगरात हाक घातली तर कडा जे परत करतो त्यातलाच तो प्रकार. पिंगमध्ये तसं नाही. तिथे पलीकडचं यंत्र हाक ऐकतं, कुणाची ते पाहतं आणि स्वतः उत्तर लिहून पाठवतं. म्हणून ‘इको’, म्हणजे प्रतिध्वनी, हा शब्दही नेमका नाही. मराठीत याला नेमका शब्द आहे आणि तो दीडशे वर्षांच्या तंत्रज्ञानाहून जुना आहे : ओ देणे. जो ओ देऊ शकतो तो न देण्याचंही ठरवू शकतो, हे पुढे उपयोगी पडेल.

उत्तरात काय येतं ते एकदा नीट पाहण्यासारखं आहे. विंडोज सांगितल्याशिवाय चारच हाका घालते; युनिक्स-लिनक्सचं यंत्र तुम्ही थांबवेपर्यंत थांबत नाही. प्रत्येक हाकेवर अनुक्रमांक असतो, त्यामुळे पाचवीची ओ सहावीनंतर आली तरी कळतं. शेवटी किती गेल्या, किती परतल्या आणि किती टक्के हरवल्या हा हिशेब मिळतो. आणि एक आकडा असतो ‘टीटीएल’चा. पाकीट निघताना त्यावर एक आयुष्य लिहितात. लिनक्स सहसा ६४ लिहितं, विंडोज १२८. वाटेतला प्रत्येक राउटर त्यातून एक वजा करतो आणि शून्यावर आलेलं पाकीट फेकून देतो. नाहीतर वाट चुकलेली पाकिटं जाळ्यात भुतासारखी फिरत राहिली असती. पाकीट फेकणारा राउटर तसं कळवतोही. व्हॅन जेकबसन यांनी नेमका त्याचाच फायदा घेऊन १९८०च्या दशकाच्या अखेरीस ‘ट्रेसराउट’ लिहिलं. मुद्दाम एक आयुष्याचं पाकीट सोडायचं, मग दोनाचं, मग तीनाचं. प्रत्येक ठाण्यावरून ‘इथे मेलं’ असा निरोप येतो आणि वाटेवरच्या ठाण्यांची यादी हाती येते. तारेचा रोध मोजून खांब शोधणाऱ्या जुन्या तारबाबूंना हे फार आवडलं असतं.

भारतात ही हाक पहिल्यांदा ऐकू येऊ लागली ती विद्यापीठांच्या आणि संशोधन संस्थांच्या भिंतींआड. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने १९८६ साली अर्नेट हा प्रकल्प सुरू केला. त्यातली मुंबईची बाजू जुहूच्या एनसीएसटी या संस्थेकडे होती, संचालक एस. रमणी. एनसीएसटी आणि पवईची आयआयटी यांच्यामध्ये १९८६-८७ साली डायल-अप टेलिफोनवरून संगणकीय टपाल सुरू झालं. ते टपाल साठवून पुढे ढकलण्याचं होतं. त्यात हाकेला लगेच ओ येण्याचा प्रश्न नव्हता. नंतर दिल्ली, मुंबई, बंगळूर, मद्रास अशा शहरांमध्ये सेकंदाला ९,६०० बिट वाहून नेणाऱ्या भाड्याच्या वाहिन्या आल्या. १९९० साली अर्नेटला १४४.१६ने सुरू होणारा पत्त्यांचा स्वतःचा गट मिळाला. १९९२मध्ये एनसीएसटीतून अमेरिकेतल्या व्हर्जिनियाला जाणारी ६४,००० बिटांची वाहिनी चालू झाली.

त्या वाहिन्यांवर एका हाकेची किंमत काय पडत असेल याचा हिशेब करता येतो. युनिक्सच्या पिंगचं पाकीट सगळी वेष्टनं धरून ८४ बाइटचं, म्हणजे ६७२ बिटांचं. ९,६०० बिटांच्या वाहिनीवर ते नुसतं चढायलाच सत्तर मिलिसेकंद लागतात, आणि परतताना पुन्हा सत्तर. अंतर शून्य धरलं तरी ओ यायला एक-सप्तमांश सेकंद. आज आमच्या गावातून मुंबईच्या यंत्राला हाक घालून ओ यायला त्याहून कमी वेळ लागतो. तीन-साडेतीन दशकांचा फरक सांगायला मला याहून सोपं माप सापडलेलं नाही.

उपग्रहाचा हिशेब आणखी वेगळा. आमच्यापासून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत, नारायणगावाजवळ आर्वी इथे १९७१ साली उपग्रहाचं भूकेंद्र सुरू झालं. परदेशाशी बोलणाऱ्या भारतीय टेलिफोनचा मोठा भार त्याने पुढे वाहिला. स्थिर उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. हाक वर जाते, खाली येते. ओ वर जाते, खाली येते. चार फेऱ्या मिळून सुमारे १,४३,००० किलोमीटर. प्रकाशाच्या वेगानेसुद्धा जवळपास अर्धा सेकंद. जिल्ह्याची मुख्यालयं छोट्या तबकड्यांनी जोडणाऱ्या सरकारी निकनेटमध्ये दोन तबकड्यांचं बोलणं मधल्या मोठ्या केंद्रातून जात असेल तर हे अंतर दुप्पट, म्हणजे हाक आणि ओ यांच्यात पुरता एक सेकंद. पैसा ओतून वाहिनी रुंद करता येते, पण हा सेकंद कमी होत नाही. कुठल्याही निविदेत तो बसत नाही.

सामान्य माणसाला इंटरनेट मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५ला, विदेश संचार निगमकडून. सुरुवातीचं स्वस्त खातं फक्त अक्षरांचं होतं. चित्रं नाहीत, माउसचं काम नाही, सगळा कारभार आज्ञा लिहून. म्हणजे त्या पिढीतल्या पुण्या-मुंबईच्या मुलांना काळी खिडकी आधी भेटली आणि रंगीत खिडक्या नंतर. आमच्याकडे उलटं झालं. एमकेसीएलची स्थापना २००१ची, आणि एमएस-सीआयटीचे वर्ग राहुरी, श्रीरामपूर, देवळालीसारख्या गावांत पोहोचले तोवर संगणक म्हणजे रंगीत पडदा हे समीकरण पक्कं झालं होतं. काळी खिडकी दाखवली की मुलं विचारतात, ‘सर, हे बिघडलंय का?’ ती बिघडलेली नसून बिघाड शोधण्याची जागा आहे, हे पटवायला दोन तास जातात.

आणि आता तिची गरज काय, ते सांगतो. ‘सर्व्हर डाऊन’ हे दोन शब्द आज मराठीतले झाले आहेत. रेशनच्या दुकानात, दस्त नोंदणीत, उताऱ्याच्या रांगेत ते सारख्याच सहजपणे फेकले जातात. पीकविम्याच्या शेवटच्या तारखेला खोलीबाहेर रांग असते. एखादी आजी सकाळची मजुरी बुडवून आलेली असते, तिच्या पिशवीत पासबुक आणि आधार असतं. पडद्यावर चक्र फिरत असतं. सहाच्या आत अर्ज गेला नाही तर वर्षाच्या पिकाला विम्याचं छत्र नाही. अशा वेळी ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’ असं म्हणण्यात एक सोय आहे. सगळेच दोषमुक्त होतात. पण त्या दोन शब्दांखाली निदान चार वेगवेगळे बिघाड लपलेले असतात आणि चारांचे धनी चार.

म्हणून मी आतून बाहेर जातो. पहिली हाक स्वतःलाच : १२७.०.०.१ हा प्रत्येक यंत्राचा स्वतःसाठीचा पत्ता. कुणाला हे वेडेपणाचं वाटेल, पण तिथून ओ आली म्हणजे आपल्या यंत्रातली व्यवस्था जागेवर आहे. दुसरी भिंतीवरच्या राउटरला. तिची ओ आली तर खोलीतली वायर ठीक. तिसरी दूरच्या एखाद्या नेहमी जाग्या असणाऱ्या यंत्राला, पण आकड्यांच्या पत्त्याने; उदाहरणार्थ ८.८.८.८, हा गूगलचा. तिची ओ आली तर गावाबाहेर जाणारी लाइन चालू. चौथी त्याच प्रकारच्या यंत्राला, पण नावाने. आकड्यांना ओ आणि नावाला नाही, असं झालं तर रस्ता ठीक आहे, पत्त्यांची वही सापडत नाही. या चारही पार पडल्या आणि तरी अर्ज पुढे सरकत नाही, तरच दोष पलीकडच्या यंत्राचा म्हणायला हरकत नाही. पाच मिनिटांचं काम. एवढं केल्यावर आजीला सांगता येतं की थांब, की मोबाइलच्या नेटवर करू, की दुसऱ्या गावच्या केंद्रात जा. ‘उद्या या’ हे यांतलं काहीच नाही.

एका पावसाळ्यात गावाबाहेरची लाइन सारखी जाऊ लागली. सेवा देणाऱ्या कंपनीचा माणूस येई, आमचा संगणक जुना आहे असं सांगून जाई. तेव्हा मी एक वही घातली. तारीख, वेळ, कुठल्या हाकेला ओ आली, कुठल्या नाही, आणि ट्रेसराउटची यादी कुठल्या ठाण्यापाशी तुटली. वहीची दोन पानं भरल्यावर दिसलं की ती नेहमी एकाच ठाण्यानंतर तुटते, आणि तीही पाऊस झाल्यावर. ती पानं पुढे पाठवली. रस्त्याच्या कामात जेसीबीने दुखावलेली केबल वरवर जोडून पुरली होती आणि सांध्यात पाणी शिरत होतं. सांधा बदलला. संगणक तोच आहे, अजून चालतो.

वहीने हे एकदा साधलं म्हणून ती सर्वज्ञ आहे असं मात्र नाही. मघाशी म्हटलं तसं, ओ देणारा ती न देण्याचं ठरवू शकतो. १९९६-९७च्या सुमारास ‘पिंग ऑफ डेथ’ नावाचा प्रकार निघाला. ६५,५३५ बाइट ही आयपी पाकिटाची कमाल मर्यादा. तिच्याहून मोठं पाकीट तुकड्या-तुकड्यांनी पाठवलं की पलीकडे ते जोडताना यंत्र कोसळायचं. दुसरा प्रकार याहून हलकट. दुसऱ्याच्या नावाने अख्ख्या जाळ्याला हाक घालायची, म्हणजे शेकडो यंत्रं त्या बिचाऱ्याच्या दारात एकदम ओ द्यायला उभी. ही दारं नंतर बंद झाली, पण अनेक व्यवस्थापकांनी तेव्हापासून ओ देणंच बंद करून टाकलं. आज कित्येक बँकांची आणि सरकारी कार्यालयांची यंत्रं ठणठणीत असूनही पिंगला गप्प असतात. १९८९चा दस्तऐवज काय म्हणतो ते त्यांना ठाऊक असतं; ते त्याहून चोरांना जास्त भितात, आणि मला त्यांना दोष देता येत नाही. मात्र त्यामुळे वाचणाऱ्याची जबाबदारी वाढते. ओ आली तर यंत्र जिवंत आहे आणि रस्ता चालू आहे, हे पक्कं. ओ नाही आली तर पक्कं काहीच नाही. उलट बाजूनेही सावध राहावं लागतं. पिंगला ओ देणारं यंत्र अर्ज घेईलच असं नाही. ओ देण्याचं काम यंत्राचा गाभा परस्पर करतो. अर्ज घेणारा प्रोग्रॅम तिकडे पालथा पडलेला असू शकतो. दारातला शिपाई ‘साहेब आहेत’ म्हणाला म्हणून सही होते थोडीच!

वेळेच्या आकड्याबद्दलही थोडं. काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. देवळाली प्रवरा ते मुंबई अडीचशे किलोमीटर धरले तर जाऊन-येऊन अडीच मिलिसेकंद ही निसर्गाची मर्यादा. प्रत्यक्षात आकडा त्याच्या कित्येक पट येतो, कारण केबल सरळ रेषेत जात नाही आणि प्रत्येक ठाण्यावर पाकिटाला रांगेत उभं राहावं लागतं. संध्याकाळी सगळं गाव मालिका आणि क्रिकेट पाहत असताना हाच आकडा दुपटी-तिपटीने वर जातो. वर्गातल्या मुलांना मी दिवसातून तीनदा तो लिहायला लावतो. आलेख काढला की गावाचं वेळापत्रक दिसतं : पहाटे सपाट, दुपारी थोडा उंचवटा, रात्री आठ ते दहा डोंगर. वीज गेली त्या दिवशी रेघच नाही.

म्यूस यांना लोकांनी कळवलेल्या पिंगच्या उपयोगांपैकी एक त्यांना विशेष आवडला होता. एका जाळ्यात कुठे तरी सांधा सैल होता आणि सापडत नव्हता. तिथल्या माणसाने संगणकाला अशी जोडणी करून दिली की प्रत्येक ओ आली की त्याने मोठ्याने ‘पिंग’ म्हणायचं. आवाज पूर्ण वाढवला आणि तो इमारतभर एकेक सांधा हलवत फिरला. आवाज थांबला, तोच सैल सांधा. लिनक्सच्या पिंगमध्ये यासाठी तयार सोय आहे. ‘ए’ हे अक्षर जोडलं की प्रत्येक ओ ला घंटी वाजते. गेल्या दिवाळीच्या सुटीत वर्गातली सहा यंत्रं एकाएकी जाळ्यातून जाऊ-येऊ लागली, तेव्हा आम्ही तेच केलं. एक मुलगा स्टुलावर, एक माळ्यावर, आणि खाली घंटी वाजते आहे. मागच्या भिंतीतल्या वायरला हात लागला आणि घंटी बंद झाली. वायर ओढून काढली तर आतल्या आठ तारांपैकी तीन उंदराने खाल्लेल्या.